पडदा, पुस्तिका आणि पाहुणे

वेल्हे तालुक्याला आता राजगड असे नवे नाव मिळाले आहे. चाळीसएक वर्षांपूर्वी, तो केवळ वेल्हे असताना, तेथील एका वाडीत आम्ही चित्रपट दाखविण्यास गेलो होतो. विजयचंदर यांनी प्रभू येशूची भूमिका केलेला ‘करुणामयुडू’ हा तेलुगू चित्रपट १९७८ साली निघाला. त्याची ‘दयासागर’ ही हिंदी आवृत्ती त्या काळी खेडोपाडी दाखविली जात असे. सोबत भाड्याने आणलेला प्रोजेक्टर, धूर ओकणारा जनरेटर आणि दोन बांबूंना ताणून बांधलेली पांढरी चादर एवढाच आमचा सरंजाम. तोरण्याच्या बाजूने वारा सुटला की चादर फुगे आणि प्रभूचा चेहरा एकाएकी लांबट होई. पण कोणी हसले नाही. क्रूसाच्या प्रसंगी बायाबापड्या पदराने डोळे टिपत होत्या. चित्रपट संपला, आणि आधी ठरविल्याप्रमाणे आम्ही पुस्तिका वाटू लागलो.

ज्यांच्या अंगणात आम्ही पडदा बांधला होता ते गृहस्थ वयोवृद्ध माळकरी होते. त्यांनी पुस्तिका हातात घेतली, कपाळाला लावली आणि शांतपणे म्हणाले, “चित्र लई चांगलं व्हतं, पावनं. डोळ्याला पानी आलं. पर ह्ये वाटायचं व्हतं, तर आदी सांगायचं. आमी चित्र बघाया बसलो व्हतो.” त्यांच्या स्वरात राग नव्हता. त्या रात्री त्यांनी आम्हांस जेवल्यावाचून जाऊ दिले नाही. तांदळाची भाकरी आणि पिठले आम्ही खाल्ले खरे, परंतु मान वर करून नव्हे.

हा प्रसंग आज आठवण्याचे कारण आमच्या धर्मग्रामातील काही तरुण-तरुणी आहेत. त्यांनी मराठी चित्रपट काढण्याचे मनावर घेतले आहे. आजीपासून नातवंडापर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहावा, त्यात श्रद्धेला स्थान असावे, आणि तरीही ज्याचा चर्चशी काडीचा संबंध नाही अशा प्रेक्षकाने स्वतःच्या पैशाने तिकीट काढून तो पाहावा, असा त्यांचा संकल्प आहे. कथा एका निवृत्त ख्रिस्ती शिक्षकाची आहे. मुलाच्या मृत्यूनंतर त्याने प्रार्थना सोडून दिली आहे आणि घरात आजारी नात आहे. चित्रीकरणासाठी जागा पाहण्यास ही मंडळी भोरला निघाली, तेव्हा आम्हांसही त्यांनी गाडीत घेतले. भोरच्या पंतसचिवांच्या राजवाड्याला चित्रपटवाल्यांची सवय आहे. तेथे आजवर अनेकांचे कॅमेरे लागून गेले आहेत. राजवाड्यासमोर चहा घेता घेता वाद जुंपला. एकाचे म्हणणे असे, की आरंभी क्रूस, चर्च, जपमाळ काहीच दाखवू नये, लोकांना कथेत गुंतवावे आणि अखेरीस हळूच प्रभूचे नाव घ्यावे. दुसरीचे म्हणणे, मग ती फसवणूकच झाली; जे आहे ते पहिल्याच दृश्यात दिसू द्यावे. प्रेक्षक मिळावेत म्हणून श्रद्धा झाकावी काय, आणि झाकलेली श्रद्धा पुढे काढून दाखविणे प्रामाणिकपणाचे आहे काय? प्रश्न चित्रपटकलेचा कमी आणि सदसद्विवेकाचा अधिक आहे.

या तरुणांची एक तक्रार आम्हांस पूर्ण मान्य आहे. हिंदी पडद्यावरील ख्रिस्ती माणूस बहुधा दारूच्या बाटलीसह प्रवेश करतो, गिटार वाजवितो आणि मोडकी हिंदी बोलतो. वसईच्या वाडीत केळीला पाणी देणारा किंवा नगर जिल्ह्यात ऊस तोडणारा, घरी-दारी मराठी बोलणारा ख्रिस्ती तेथे क्वचितच आढळतो. आपले घर जसे आहे तसे शेजाऱ्याला दिसावे, ही इच्छा प्रचाराची नव्हे. ती ओळखीची आहे.

तथापि ‘कौटुंबिक चित्रपट’ म्हणजे काय, याविषयी आपल्या घरांत एक सोपी समजूत आहे. शिवी नको, मद्य नको, अंगविक्षेप नकोत. एवढे वगळले की चित्रपट निर्मळ झाला! येथे भोरचेच उदाहरण द्यावेसे वाटते. दादा कोंडके यांच्या घराण्याचे गाव इंगवली, हे भोर परिसरातलेच. त्यांच्या द्व्यर्थी संवादांमुळे आमच्या पिढीला त्यांचे चित्रपट वर्ज्य होते. (आम्ही ते पाहिलेच नाहीत, असे लिहिले तर पुढच्या पापनिवेदनात ते सांगावे लागेल.) पण १९७१ च्या ‘सोंगाड्या’तला भोळा नाम्या आणि रत्नमालाबाईंनी उभी केलेली त्याची करारी आई आठवा. प्रेक्षक केवळ चावटपणासाठी गर्दी करीत होता, हे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. त्याला त्या मायलेकरांत आपले घर दिसत होते. उलट सर्व वर्ज्य गोष्टी टाळून काढलेले कित्येक धार्मिक चित्रपट आम्ही सभागृहांत पाहिले आहेत. त्यांत दोष नव्हता, तसाच जीवही नव्हता.

पोप पायस अकरावे यांनी चित्रपटांविषयीचे ‘विजिलांती क्युरा’ हे परिपत्रक १९३६ साली काढले. अनिष्ट चित्रपट न पाहण्याची शपथ घेणाऱ्या अमेरिकेतील कॅथलिक चळवळीचे त्यात कौतुक होते, तसे चांगल्या चित्रपटाच्या सामर्थ्याचेही भान होते. योगायोग असा, की त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ प्रकाशित झाला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, एक हिंदू व एक मुसलमान, असे त्याचे दोन दिग्दर्शक होते. मुंबईत तो एकाच चित्रपटगृहात वर्षभराहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. श्रद्धेचा चित्रपट सर्वांचा कसा होतो, हे ज्याला शिकायचे आहे त्याने हॉलिवूडकडे धाव घेण्याआधी प्रभातकडे पाहावे.

विष्णुपंत पागनिसांच्या तुकोबांची तन्मयता अपूर्व आहे, यात वाद नाही. पण आमच्या मते चित्रपटाला जमिनीवर धरून ठेवते ती गौरीबाईंची जिजाई. घरात दाणा नाही, पोरे उपाशी, म्हैस सांभाळायची, आणि नवरा विठ्ठलात रंगलेला. पोरगा आजारी पडतो तेव्हा ती त्याला ओढत देवळात नेते आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन देवालाच जाब विचारते. अशा दृश्याने भाविकांच्या भावना दुखावतील, असे दामले-फत्तेलालांना वाटले नाही, आणि त्या दुखावल्याही नाहीत, कारण थिएटरात बसलेल्या प्रत्येक बाईने कधी ना कधी मनातल्या मनात ते पायताण उचललेले होते. आपल्या बायबलमधील ईयोबाने दुसरे काय केले? जिजाईला चित्रपट खोटी ठरवीत नाही, तिला हास्यास्पद करीत नाही आणि शेवटी तिला तुकोबांसारखी संतही बनवीत नाही. तुकोबा वैकुंठाला निघतात, आणि ती संसारासह मागे राहते. ज्याच्या मनात संशय आहे अशा प्रेक्षकाला बसायला तिच्या शेजारी जागा मिळते. आमच्या तरुणांच्या संहितेत ही जागा कोठे आहे? प्रार्थना सोडलेला शिक्षक आरंभापासून चुकलेला आहे, आणि तो केव्हा सुधारतो एवढीच प्रेक्षकाने वाट पाहायची. नात बरी होते, शिक्षक मिस्सेला जातो, अवघा गाव नाताळचे गाणे गातो. आम्हांस ती आमची पुस्तिकाच वाटली. फरक इतकाच, की या वेळी ती पडद्यावरच वाटली जात होती.

यावर आमच्यातील एका मुलीने नेमका आक्षेप घेतला. “मग साक्ष द्यायचीच नाही का? प्रभूने दिवा मापाखाली ठेवू नका असे सांगितले आहे.” आक्षेप हलका नाही. मात्र दिवा उघड लावणे आणि तो दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर धरणे यांत अंतर आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याविषयी जे जाहीर केले, त्यात श्रद्धेचा प्रसार करताना दडपण किंवा अप्रामाणिक मनधरणी यांची छायाही नसावी, विशेषतः गरीब व अशिक्षित माणसांच्या बाबतीत नसावी, असे बजावले आहे. आम्ही वेल्ह्याला गेलो तेव्हा हा जाहीरनामा येऊन वीस वर्षे होत आली होती. तो आमच्या वाचनात आला नव्हता; पण त्यातला आशय त्या माळकरी गृहस्थांना न वाचताच कळला होता.

प्रभूचे दाखले पाहा. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत ना मंदिर आहे, ना याजक. बाप, दोन मुलगे, डुकरे, पुष्ट वासरू, शेतावरून परतणारा थोरला. तो रुसून बाहेर उभा राहतो, बाप त्याची समजूत घालतो, आणि गोष्ट संपते. थोरला आत गेला की नाही, हे प्रभू सांगत नाही. ज्यांच्यासाठी ती गोष्ट सांगितली, त्या परुश्यांना त्याने स्वतःचे उत्तर देण्यास मोकळे सोडले. त्याने काही लपविले नाही आणि काही लादलेही नाही.

मोकळे सोडल्याने काय होते, याचा दाखला आपल्याच चित्रपटसृष्टीच्या जन्मकथेत आहे. १९१० च्या सुमारास त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. पडद्यावर प्रभू वावरत होता, आणि फाळक्यांच्या डोळ्यांसमोर राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले. ३ मे १९१३ रोजी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला. आता हिशेब कसा मांडावा? त्या मूकपटाने एकही ख्रिस्ती केला नाही. एका ब्राह्मणाला त्याने त्याच्याच देवांकडे पाठविले. धर्मप्रसाराच्या वहीत ही नोंद कोणत्या रकान्यात जाईल, कोण जाणे. आम्हांला मात्र त्यात प्रभूचा अपमान दिसत नाही. त्याचे चरित्र पाहून एका माणसाचे मन पेटले, आणि त्यातून साऱ्या देशाला एक नवी कला मिळाली. जो आपली श्रद्धा शेजाऱ्याच्या पडद्यावर नेऊ इच्छितो, त्याला असा निकाल मनापासून स्वीकारता आला पाहिजे. तो स्वीकारता येत नसेल, तर त्याने चित्रपट काढू नये, पुस्तिका काढावी, आणि ती पुस्तिका आहे असे मुखपृष्ठावर छापावे.

क्रूस किती वेळा दाखवावा, हा राजवाड्यासमोरचा वाद यामुळे आम्हांस गौण वाटू लागला. शिक्षकाच्या घरात भिंतीवर क्रूस असेल तर तो असावा, जसा जिजाईच्या घरात जाते आणि चूल आहे. कॅमेऱ्याने त्याच्याकडे मुद्दाम वळू नये, मुद्दाम टाळूही नये. तरुणांनी शेवटचे दृश्य अद्याप ठरविलेले नाही. आक्षेप घेणाऱ्या त्या मुलीने एक नवा कच्चा मसुदा लिहिला आहे. त्यात शिक्षक चर्चच्या पायरीपर्यंत येतो, आत गाणे चालू आहे, नात त्याचा हात ओढते आहे. पुढचे पान तिने कोरे ठेवले आहे. त्यावरून दोघांनी तिच्याशी बोलणे सोडले आहे, असे ऐकतो.

भोरहून परतताना आम्ही हट्टाने गाडी वेल्ह्याकडे वळविली. ते माळकरी गृहस्थ आता हयात नाहीत. अंगण तेच आहे. कौले जाऊन पत्रा आला आहे. त्यांच्या सूनबाईंनी आम्हांस ओळखले नाही, पण चादरीवरच्या चित्रपटाचे त्यांना चांगले स्मरण होते. त्या नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. या अंगणात चित्रीकरण करू द्याल काय, असे आम्ही भीतभीत विचारले. चित्रपट कोणाचा, कशाविषयी, हे या वेळी आधी सांगितले. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, “किती मान्सं येनार?” वीस-बावीस, असे आम्ही म्हणालो. “मग भात झोडून झाल्यावं या,” त्या म्हणाल्या. “तवर खळं मोकळं न्हाय.”