पाठीवरचे ओझे

माणूस ओळखावा कसा? हजरत उमर (रजि.) यांची एक हकिकत आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली असते. एका इसमाने दुसऱ्याच्या भलेपणाची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. तू त्याचा शेजारी आहेस का? त्याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहेस का? त्याच्यासोबत प्रवास केला आहेस का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ आले. तर मग तू त्याला ओळखत नाहीस, असे ते म्हणाले. अरबीतल्या ‘सफर’ या शब्दाच्या मुळाशीही उघड होण्याचाच अर्थ आहे.

ही कसोटी बाभुळगावच्या आम्हा दोघा उर्दू शिक्षकांच्या वाट्याला २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत आली. यवतमाळच्या एका प्रशिक्षण वर्गात मराठी शाळांतल्या तिघा शिक्षकांशी ओळख झाली होती. पाठीवर एकेक सॅक टाकून आम्ही पाचजण एसटीने औरंगाबादला निघालो. शहराचे नाव तेव्हा तेच होते. २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाले.

हे शहर मुसाफिरांनीच घडवले आहे. हबशी मुलखातून गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबरने १६१० मध्ये इथे खडकी वसवली आणि नहरींनी तिला पाणी दिले. १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांविरुद्ध शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. पाणचक्कीवर डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणले होते. फकिरांच्या आणि वाटसरूंच्या भाकरीसाठी त्या पाण्यावर जाते फिरे. शेजारचा दर्गा बुखाऱ्याकडून आलेल्या सुफीचा. त्यांचे नावच बाबा शाह मुसाफिर. बेंबळा प्रकल्प ज्या तालुक्यात आहे तिथले आम्ही. पाणी आणायला काय मोल पडते हे आम्हाला ठाऊक. हौदाकाठी पाचही जण बराच वेळ बसून राहिलो.

तोवर सारे सुरळीत होते. खर्च एका वहीत लिहिला जाई. एकाचा पाय मुरगळला, तर त्याची सॅक दुसऱ्याच्या पाठीवर जाई. वयाने मोठ्या गुरुजींना आम्ही काका म्हणू लागलो होतो.

दुसऱ्या दिवशी खुलताबादला गेलो. शेख जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे. वर छत नाही, मधोमध नुसती माती. तिथे काकांनी आम्हा दोघांकडे वळून विचारले, “सर, तुम्हाला यांच्याविषयी काय वाटते?” आम्ही हसून म्हणालो, “जुन्या गोष्टी, काका. चला, उशीर होतो.” प्रवास बिघडू नये, एवढाच हेतू होता. पण परतीच्या बसमध्ये कोणी फारसे बोलले नाही.

रात्री लॉजवर आमच्याने राहवले नाही. “काका, तो सवाल फक्त आम्हालाच काहून केला?” ते गप्प झाले. मग म्हणाले, “चुकलंच. पण उत्तर खरंच हवं होतं.”

मग उत्तर दिले. बापाला कैदेत टाकून आणि भावांना संपवून मिळवलेली गादी आम्हाला आदर्श वाटत नाही. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना ज्या क्रूरपणे मारले, त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. बाकीचा हिशेब इतिहासकारांनी कागदपत्रांवरून मांडावा. पण तो हिशेब आमच्या नावावर कसा? एकाच्या कर्माचे ओझे दुसरा उचलत नाही, ही तर कुरआनची शिकवण आहे.

काकांनी मान हलवली. मग ते हळूच म्हणाले, “आता माझं एक ऐका. काल बसमध्ये तुम्ही डबा उघडलात आणि आम्हाला विचारलंही नाही.” आम्ही खजील झालो. हे लोक आपल्या घरचे खाणार नाहीत, असे आम्ही न विचारताच ठरवून टाकले होते. डब्यात साधी मेथीची भाजी आणि पोळ्या होत्या.

त्यांनी विचारू नये तसे विचारले होते, आणि आम्ही विचारायला हवे ते विचारले नव्हते. दोन्हींत माणूस दिसण्याआधी त्याची जमात दिसली होती. आपण नेहमी म्हणतो, वादाचे विषय टाळा, सलोखा राहील. टाळल्याने सोबत टिकते, हे खरे. पण जिथे एकाला सतत जपून बोलावे लागते आणि दुसऱ्याला ते कळतही नाही, तिला मैत्री म्हणावे का? आमच्या मते नाही. थकलेल्या सोबत्याची सॅक उचलणे हे सोबत्याचे कर्तव्य आहे. त्याच्या पाठीवर कुणा बादशहाचे, कुणा जमावाचे ओझे ठेवणे हा जुलूम आहे. आणि तसे ओझे ठेवले गेले तर हसून वाहत राहणे ही शालीनता नव्हे. ते खाली ठेवून मोकळेपणी बोलण्याने समोरच्यालाही आपली चूक पाहण्याची संधी मिळते. ती संधी आम्ही काकांना दिवसभर दिली नाही. त्यांनी आम्हाला रात्री दिली.

मार्च २०२५ मध्ये त्याच कबरीच्या वादातून नागपुरात हिंसाचार झाला. त्या रात्री उशिरा काकांचा फोन आला. “घरी सगळे बरे आहेत ना? नागपुरात कोणी नातेवाईक?” आम्ही म्हणालो, “मावशी आहे, बरी आहे.” कबरीचा विषय निघाला नाही. त्या रात्री तो टाळावा लागला नाही. त्यावर आमचे बोलून झाले होते.