डावे-उजवे एकदम दाबले तर

घरी आर्केड स्टिक, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचा लिव्हर-बटणांचा कंट्रोलर, बनवणे हे वरवर पाहता थोडे सुतारकाम आणि थोडे वायरिंग. प्लायवूडची किंवा एमडीएफची पेटी, तिच्या वरच्या फळीत होल-सॉने पाडलेली ३० मिलिमीटरची भोके, सान्वा किंवा सेइमित्सु या जपानी कंपनीचा लिव्हर, त्याच्या पोटातले चार मायक्रोस्विच आणि सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात तो छोटा बोर्ड. प्रत्येक स्विचला दोन टोके असतात: एक बोर्डाच्या पिनेला जाते, दुसरे सर्वांच्या सामाईक ग्राउंडला. यात अगम्य काही नाही. मात्र लिव्हर वगळून चारही दिशांना बटणेच बसवायची ठरवली, तर एक प्रश्न समोर येतो आणि त्याचे उत्तर करवतीत किंवा सोल्डरिंग आयर्नमध्ये सापडत नाही. डावे आणि उजवे बटण एकाच क्षणी दाबले गेले तर यंत्राने काय समजायचे? लिव्हर असताना हा प्रश्न उद्भवतच नव्हता, कारण एक दांडा एका वेळी दोन विरुद्ध बाजूंना कलत नाही. बटणांना तसे बंधन नाही. वस्तूच्या घडणीने आजवर जे अशक्य ठेवले होते ते शक्य होते, आणि मग कुणाला तरी नियम करावा लागतो. घरी बनवलेल्या पेटीत तो नियम बनवणाराच करतो. माणसाच्या कृतीत साधनाचा वाटा किती आणि त्या वाट्याचा जाब कुणी द्यायचा, या जुन्या प्रश्नाची इतकी स्वच्छ मांडणी मला दुसरीकडे क्वचितच दिसते.

उत्तरे मोजकीच आहेत. जे बटण शेवटी दाबले ते खरे धरा. जे आधी दाबले ते खरे धरा. दोन्ही रद्द करून पात्र जागच्या जागी उभे ठेवा. किंवा दोन्ही तसेच आत पाठवा आणि काय करायचे ते गेमला ठरवू द्या. डावे, उजवे, दोन्ही, कोणतेच नाही. बौद्ध तर्कातल्या चतुष्कोटीची आठवण होणे साहजिक आहे. फरक इतकाच की नागार्जुनाला चारही कोटी नाकारता येत होत्या, बोर्डाच्या प्रोग्रॅमला एक निवडावीच लागते. या निवडीने खेळ बदलतो. ‘स्ट्रीट फायटर’मधल्या गाईलचे सोनिक बूम मारायचे तर काही काळ मागची दिशा, जी बचावाचीही असते, धरून ठेवावी लागते आणि मग पुढे करून ठोसा दाबावा लागतो. लिव्हर मागून पुढे नेताना मधली मोकळी जागा ओलांडावी लागते, त्यात वेळ जातो आणि तेवढा वेळ बचाव सुटतो. ‘शेवटचे खरे’ या नियमाच्या बटणपेटीत मागचे बटण न सोडता पुढचे नुसते टिचकावले की काम झाले. बोट उचलताच पात्र पुन्हा बचावात. २०१९ मध्ये डाइगो उमेहारा या नामवंत जपानी खेळाडूने असा बिनलिव्हरचा कंट्रोलर स्पर्धेसाठी निवडला, तेव्हा ‘स्ट्रीट फायटर’ बनवणाऱ्या कॅपकॉमच्या स्पर्धामालिकेत त्याला परवानगी मिळाली नाही. वाद रंगला तो मुख्यतः या परस्परविरोधी दिशांवरून. माणूस तोच आणि गेमही तोच असताना फक्त पेटी बदलल्याने ‘हे खेळणे आहे की नाही’ असा प्रश्न उभा राहिला.

साधनाला कृतीत वाटा देण्यावरचा पहिला आक्षेप सरळ आहे: साधन हा नुसता निरोप्या, कौशल्य हातात असते. हे खरे असते तर १९८०च्या ‘पॅक-मॅन’ला चारच दिशांचा लिव्हर लागला नसता. त्या चक्रव्यूहात तिरकी वाट नाही. आठ दिशांच्या लिव्हरवर तो गेम खेळणाऱ्याचा हात कोपऱ्यात गेला की यंत्र संभ्रमात पडते आणि वळण चुकते. लिव्हरखालची प्लॅस्टिकची चौकट, जिला खेळणारे ‘गेट’ म्हणतात, हाताला कुठे जाता येईल हे आधीच ठरवून बसलेली असते. त्याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे एक दाब कशाला म्हणायचे. स्विचच्या धातूच्या पट्ट्या एकमेकींना भिडताना क्षणभर थरथरतात, त्यामुळे एकदा दाबलेले बटण विजेच्या हिशेबात अनेकदा दाबल्यासारखे दिसते. म्हणून काही मिलिसेकंद मिटल्या डोळ्यांनी काढायची सूचना बोर्डाला द्यावी लागते. किती, हे कुणीतरी ठरवलेले असते. बहुतेक फायटिंग गेम सेकंदाला ६० चित्रे दाखवतात, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. दर ८ मिलिसेकंदांनी विचारपूस होणारा साधा यूएसबी बोर्ड त्यातले जवळपास निम्मे खाऊ शकतो. इतके निकाल स्वतः देणाऱ्याला निरोप्या कसे म्हणावे? (आणखी एक गंमत: यातल्या बहुतेक बोर्डांत पिनेवर एरवी व्होल्टेज असते आणि बटण दाबल्यावर ते शून्य होते. माणसाची कृती यंत्राला अभावाच्या रूपात कळते.)

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडायला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. यात कर्त्याला एक जागा आहे, साधनाला वेगळी जागा आहे, आणि केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धी तिथे अपुरी ठरवली आहे. भाष्यकारांनी करणे म्हणजे इंद्रिये असा अर्थ घेतला, तेव्हा प्लायवूडची पेटी त्यात घुसडणे ही ओढाताण आहे असे कुणी म्हणेल. पण व्याकरणात आणि न्यायशास्त्रात करणाचे ठरलेले उदाहरण कुऱ्हाडीचे आहे. झाड तुटण्यात तोडणाऱ्याइतकीच तीही मोजली जाते. खंडेनवमीला शस्त्रांची आणि अवजारांची पूजा करणारा समाज हाताबाहेरच्या वस्तूला कृतीत वाटेकरी मानतच आला आहे. महाभारतात तर याचा पुरावा कथेतच आहे. गांडीव अर्जुनाने बनवले नव्हते. खांडववनाच्या वेळी अग्नीने ते वरुणाकडून मिळवून त्याला दिले. त्या धनुष्याच्या बळावर युद्ध जिंकलेला हाच अर्जुन मौसलपर्वात द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघतो, तेव्हा आभीर लुटारूंपुढे त्याचे काही चालत नाही. धनुष्य तेच, माणूस तोच, पण पाचांतले काहीतरी निसटले आहे. जय एकट्या कर्त्याचा नसतो आणि एकट्या साधनाचाही नसतो, हे इतक्या निष्ठुरपणे सांगणारी दुसरी गोष्ट आपल्याकडे नसावी.

या पाच कारणांचा उपयोग आपल्याकडे बहुधा नम्रतेसाठी केला जातो: माझे काय, सगळे त्याच्या हातात. हा वापर मला आळशी वाटतो. कारणे पाच आहेत म्हटल्यावर माझ्या हिशेबातली खाती वाढतात. साधन मी निवडले असेल तर त्या निवडीचे खाते माझ्या नावावर, आणि मी बनवले असेल तर त्यातल्या प्रत्येक नियमाचे. इथे वेदान्ताच्या बाजूचा आक्षेप अधिक जड आहे. कर्मे प्रकृतीच्या गुणांकडून होतात, ‘मी करतो’ हा अहंकाराचा भ्रम आहे, असे तीच गीता तिसऱ्या अध्यायात म्हणते. मग जबाबदारी कुणावर टाकायची? प्रत्यक्ष खेळापुरते बोलायचे तर हा आक्षेप मी जवळजवळ मान्य करीन. डोळ्याला दिसून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे गेमची बारा-पंधरा चित्रे निघून जातात. २००४च्या इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत याच डाइगोने प्रतिस्पर्धी जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राचे लागोपाठ पंधरा फटके अडवले, ते एकेक फटका पाहून आणि विचार करून अडवता येण्यासारखे नव्हतेच. तिथे मुरलेला सराव काम करत होता. त्याला गुणांचे काम म्हणा किंवा संस्कारांचे. सामन्याच्या त्या क्षणात स्वतंत्र कर्ता शोधायला गेलो तर हाती फारसे लागत नाही. पेटी बनवणारा मात्र टेबलाशी निवांत बसलेला असतो. डावे-उजवे एकदम दाबले तर काय, हे तो एका संध्याकाळी ठरवतो, झोपून उठून दुसऱ्या दिवशी बदलू शकतो, प्रतिस्पर्ध्याला काय वाटेल याचा विचार करू शकतो. विवेकाला वेळ मिळतो तो इथे. म्हणून कर्तेपण कुठे शोधायचेच असेल तर ते सामन्यापेक्षा सामन्याआधी, सराव करताना आणि साधन घडवताना शोधावे. सराव तो नियम शरीरात घालतो, बनवणारा तो पेटीत घालतो.

मग विकत घेणारा सुटला का? अजिबात नाही. त्याच्यासाठी हाच निर्णय कारखान्यातल्या कुणीतरी घेतलेला असतो, एवढेच. हिट बॉक्स या नावाने विकल्या जाणाऱ्या मूळ बटण-कंट्रोलरमध्ये डावे आणि उजवे एकदम दाबले तर दोन्ही रद्द होत, पण वर आणि खाली एकदम दाबले तर वरचे खरे धरले जाई. एकाच पेटीत दोन न्याय. यात तर्काची अपरिहार्यता नाही, माणसाची निवड आहे. घेणाऱ्यांपैकी किती जण ती विचारत असतील? घरी बनवणाऱ्याला ती टाळता येत नाही. २०२१ मध्ये चार डॉलरला बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय पिको या बोर्डावर जीपी२०४०-सीई हा खुला प्रोग्रॅम चढवला की या निवडीची यादीच समोर येते. घरगुती कामाचे मोल मला इथे दिसते. ‘स्वतःच्या हाताने केले’ या भावुकपणावर माझा विश्वास नाही. लिव्हर जपानी, चिपचा आराखडा ब्रिटिश, प्लाय कुठल्या तरी वखारीतला, त्यात ‘स्व’ कितीसा उरतो? उरतो तो निर्णयांपुरता. ज्याने सगळे सुटे भाग विकत आणले पण नियम समजून घेऊन निवडला, त्याची पेटी त्याची आहे. ज्याने लाकूड स्वतः तासले आणि प्रोग्रॅम डोळे झाकून चढवला, त्याची तितकीशी नाही.

शेवटचा आक्षेप न्यायाचा: साधनाला वाटा दिला की ज्याचे साधन भारी तो जिंकणार, आणि घरी बनवू दिले की प्रत्येक जण आपल्या सोयीचा कायदा घेऊन येणार. कॅरममध्ये हा प्रश्न कधीच सुटला आहे. स्ट्रायकर ज्याचा त्याने आणावा, पण व्यास ४.१३ सेंटिमीटरपेक्षा आणि वजन १५ ग्रॅमपेक्षा जास्त नसावे. साधन खासगी, मर्यादा सार्वजनिक. कंट्रोलरला मोजपट्टी लावून भागत नाही, कारण त्याचे वजन त्याच्या निर्णयांत आहे. म्हणून कसोटी वेगळी हवी. माझी कसोटी अशी: खेळाने खेळाडूवर सोपवलेला निर्णय साधन त्याच्या वतीने घेत असेल तर ते वर्ज्य, आणि खेळाडूचा निर्णय गेमपर्यंत पोचवायला मदत करत असेल तर ते ग्राह्य. टर्बो बटण एका दाबात अनेक ठोसे मारते, म्हणजे दर ठोशाचे ‘आता’ हातातून काढून घेते; ते बाद. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये अपंग खेळाडूंसाठी काढलेल्या कंट्रोलरच्या मागे ३.५ मिलिमीटरच्या जॅकची रांग आहे, त्यात आपल्याला जमेल तो स्विच जोडून कुणी कोपराने खेळतो, कुणी पायाने. तिथे मुभा कितीही दिली तरी थोडीच, कारण निर्णय खेळाडूचाच राहतो आणि अडतो तो फक्त रस्ता. बिनलिव्हरची पेटी या दोहोंच्या मधोमध पडते हे मान्य करावे लागेल. बटणे जलद आहेत याला माझी हरकत नाही. पण ‘शेवटचे खरे’ हा नियम खेळाडूच्या दोन परस्परविरोधी आज्ञांमधून एक निवडून देतो, आणि तो मधली मोकळी जागा ओलांडण्याची जोखीम वाचवतो. शेवटची इच्छा हीच खरी इच्छा, असा त्याचा बचाव करता येतो आणि तो पोकळ नाही. मृत्युपत्राच्या बाबतीत कायदाही तेच मानतो. तरी मागचे बटण अजून दाबलेले असताना ती इच्छा मागे घेतली असे पेटीने परस्पर का ठरवावे? विरोधी आज्ञा आल्या तर कोणतीच पाळू नये, हा नियम माझ्या मते अधिक प्रामाणिक आहे. तिथे यंत्र आपले मत देत नाही.

यावर मतभेद राहतील आणि दर स्पर्धेचा नियम वेगळा असेल. तोवर घरी पेटी बनवणाऱ्यांना एकच विनंती. तळाच्या फळीवर मार्करने तीन ओळी लिहा: डावे-उजवे एकदम दाबले तर काय होते, वर-खाली एकदम दाबले तर काय होते, आणि थरथर झाकायला किती मिलिसेकंद दिले आहेत. सामना सुरू होण्याआधी पेटी उलटी करून समोरच्याला त्या ओळी वाचू द्या.