रेषेच्या अलीकडे

खुर्ची उघडा, टेकून बसा आणि पाय गवतावर सपाट ठेवा. दव अजून सुकलेलं नाही. बुटाच्या शिवणीतून गारवा आत येतोय, येऊ द्या. फोन पिशवीत. पेनसिल्व्हेनियातला सप्टेंबरचा शनिवार आहे, दहा वाजत आलेत आणि समोर नऊ-दहा वर्षांच्या मुलींचा सामना सुरू व्हायचाय. इकडच्या सात, तिकडच्या सात. मोठ्यांच्या मैदानाच्या निम्म्याहूनही लहान मैदान, चार नंबरचा चेंडू, पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन डाव. त्या सातांत तुमची लेक आहे.

पुढची पन्नास मिनिटं तुम्हाला फक्त बघायचं आहे.

शेजारच्या खुर्च्यांवरच्या आईबापांनाही हे जमतंच असं नाही, पण तुम्हाला जास्त जड जाणार. त्यांची मुलं आठवडाभर दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली असतात. तुमची लेक घरीच शिकते. गणित तुमचं, इतिहास तुमचा, डबा तुमचा, चिडचिडही तुमचीच. सोमवारपासूनचा तिचा सगळा आळस आणि सगळी चमक तुमच्या नजरेखालून गेली आहे. आता ती मैदानाच्या पार पलीकडे उभी आहे, पाठीवर नंबर आहे आणि तिला हाक मारणारा माणूस वेगळा आहे.

श्वास जसा चाललाय तसा चालू द्या. त्याला वळण लावायला जाऊ नका. तेही शिकवणंच झालं.

आधी आठवडा डोळ्यांपुढून जाऊ द्या. मंगळवारचे अपूर्णांक. एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा, कारण आठ चारापेक्षा मोठे, यावर ती अडून बसली होती आणि शेवटी एक पोळी कापावी लागली. गुरुवारचं वाचनालय. शुक्रवारी को-ऑपमध्ये घरी शिकवणाऱ्या चार कुटुंबांनी मिळून केलेला, आणि फसलेला, ज्वालामुखी. धाकट्याचं मध्येच येऊन टेबलाखाली बसणं. जे आठवेल ते आठवू द्या. कुठे काय चुकलं हे शोधत थांबू नका. गेलं की पुढचं बघा.

यानंतर हमखास वही आठवते.

या राज्यात घरी शिकवायचं म्हणजे १९८८च्या कायद्याप्रमाणे चालायचं. शाळा-जिल्ह्याच्या अधीक्षकाकडे प्रतिज्ञापत्र द्यायचं, वर्षभर नोंदवही ठेवायची, मुलीच्या कामाचे नमुने फायलीत लावायचे. वर्ष संपताना मूल्यमापन करणारी व्यक्ती येऊन फाइल चाळते, मुलीशी बोलते आणि लिहून देते. ते पत्र जूनअखेर पोचवायचं. १८० दिवस, किंवा प्राथमिक वयात ९०० तास. टेक्सासमध्ये कुणाला कळवावंही लागत नाही. मला विचाराल तर वही बरी. कुणी तरी बाहेरचा माणूस वर्षातून एकदा मुलीशी बोलतो, हे मला तरी जाच वाटत नाही. पण वहीचा एक रोग आहे, तो आत्ता बघा. विषयांच्या यादीत शारीरिक शिक्षण आहे, त्यामुळे पंचांनी शिट्टी तोंडात धरायच्या आधीच मनात ओळ लिहून झालीये: 'शारीरिक शिक्षण, फुटबॉल, ५० मिनिटं.' लेक अजून पळालेलीही नाही आणि तिचं पळणं जमाखात्यात गेलं.

ती ओळ खोडू नका. लिहिली गेली हे फक्त बघा. थोड्या वेळानं मन दुसरी लिहील: 'सहकार्य'. मग तिसरी. लिहू दे. तुम्ही मैदानाकडे बघा.

शिट्टी.

सुरुवातीला सगळं घोळक्यातच चालतं. चेंडू जिकडे, तिकडे दहा मुली. आता घोळक्यात लेकीला शोधणं थांबवून बघा. अवघड आहे, नजर आपोआप त्या एका नंबरावर जाते. तिला तिथून हळूच उचला आणि दुसऱ्या एखाद्या मुलीवर ठेवा. जिच्या वेणीचं रबर निघालंय ती. दोन मिनिटं तिच्यासोबत राहा. ती कुणाची, कुठल्या शाळेतली, काही माहीत नाही. तिच्या चुकीनं तुमच्या पोटात कालवत नाही. बघणं किती हलकं होतं, ते जाणवलं? आता त्याच नजरेनं लेकीकडे परत या. नजर फार काळ तशी टिकणार नाही. दहा सेकंद टिकली तरी पुष्कळ.

'मिसळते का गं ती पोरांत?' हा साताऱ्याहून, आजीकडून येणारा प्रश्न इथे डोकं वर काढेल. इकडचे शेजारीही तेच विचारतात, जरा घोळवून. घरी शिकवणाऱ्या प्रत्येकाला हा विचारतातच. अपूर्णांकांचं कुणी विचारत नाही. उत्तर समोर चाललंय, पण ते कुणाला पटवून द्यायची आत्ता गरज नाही. गंमत अशी, की इथल्या मोठ्या युवा संघटनांनी मधली काही वर्षं जानेवारी ते डिसेंबर अशी वयोगटाची गणना ठेवली होती. २०२६-२७च्या हंगामापासून ती ऑगस्ट ते जुलै अशी होणार, म्हणजे एका इयत्तेतल्या मुलांना एका संघात खेळता यावं. तुमच्या लेकीला इयत्तेतली मैत्रीण कोण? धाकटा भाऊच, तोही टेबलाखालचा. एवढा मोठा बदल होतोय आणि तिला त्याचं सोयरसुतक नाही.

आता चेंडू तिकडच्या गोलकीपरच्या हातात आहे. मान थोडी वर करा. मी तुम्हाला इथे आणलंय ते हे दाखवायला.

पेनल्टी क्षेत्र आणि मधली रेषा यांच्या बरोबर मध्ये एक आडवी रेषा आखलेली दिसते ना, मोठ्यांच्या मैदानावर ती नसते. तिला बिल्ड-आउट लाइन म्हणतात. यू. एस. सॉकरनं गेल्या दशकात लहान मुलांच्या खेळाचे नियम नव्यानं बसवले, त्यात ही आली. गोलकीपरनं चेंडू हातात घेतला, की समोरच्या संघानं या रेषेमागे जायचं. गोलकीपरनं हवेत उंच लाथ मारून चेंडू पलीकडे भिरकावायचा नाही. जवळच्या खेळाडूला द्यायचा, हातानं किंवा जमिनीवर ठेवून पायानं. चेंडू सुटेपर्यंत कुणी अंगावर यायचं नाही.

पूर्वी काय व्हायचं, तर गोलकीपरच्या हाती चेंडू आला की समोरच्या चार मुली तिच्यासमोर ठाकायच्या. बिचारी घाबरून चेंडू लांब हाणायची, की पुन्हा घोळका. चेंडू पायाशी घेऊन वर बघायचं, कोण मोकळं आहे ते हेरायचं, मग द्यायचा, हे शिकायला उसंतच मिळत नव्हती. म्हणून मैदानात थोडी मोकळी जागा राखून ठेवली.

आता तुमची लेक त्या रेषेमागे उभी आहे. तिचे पाय वळवळतायत. चेंडू हाकेच्या अंतरावर आहे, तिला दिसतोय, धावली तर मिळेल, आणि तिला थांबायचंय. बघा तिचे खांदे. ती थांबली आहे. समोरची मुलगी चाचपडतेय, डावीकडे बघते, उजवीकडे बघते. तेवढ्यात टचलाइनवरून तिचा बाप ओरडला. झालं, तिनं गडबडीत चेंडू चुकीच्या पायाशी दिला.

तुमच्या घशात काही अडकलंय का, ते बघा. मंगळवारी टेबलाशी ती एक अष्टमांशापाशी गप्प झाली होती, तेव्हा किती सेकंदांनी तुमचं बोट पानावर गेलं? उत्तर द्यायची सक्ती नाही. प्रश्न राहू द्या तसाच. खेळ पुढे गेलाय.

चेंडू हवेतून येतोय आणि लेक डोकं बाजूला घेते. बरोबर आहे, या वयात हेडिंगला बंदी आहे. तुमच्या तोंडून 'शाब्बास' निघालंच. असू दे.

ओरडण्याबद्दल थोडं बोलू. तुमच्यातलं कुणी कोल्हापूरचं असेल, शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार हा तालीम संघांचा सामना बघत वाढलं असेल, तर गप्प बसून फुटबॉल बघणं त्यांना अपमानच वाटेल. बरोबरच आहे. तिथलं ओरडणं पेठेसाठी, आणि खेळणारे बाप्ये. इथे खेळणाऱ्या मुलीला ओरडणाऱ्याच्याच गाडीतून घरी जायचं असतं. अमेरिकेतल्या काही लीगमध्ये म्हणूनच हंगामात एखादा 'सायलेंट सॅटर्डे' पाळतात. त्या दिवशी कडेच्या पालकांनी शब्द काढायचा नाही, टाळ्या तेवढ्या चालतील. काही ठिकाणी तर तोंडाला उद्योग म्हणून पालकांच्या हातात लॉलीपॉप देतात. हसू येतं, पण त्या शांततेत मुलींचे आवाज पहिल्यांदा ऐकू येतात. 'इकडे, इकडे!' 'मागे आहे तुझ्या!' 'सॉरी!' आज तसा शनिवार नाही. तुम्ही एकटेच पाळून बघा, उरलेल्या वेळापुरता.

जीभ टाळूला लावा. जबडा सैल. लेकीकडून चेंडू निसटला. ती थांबली. तिनं कडेला बघितलं.

हा क्षण नीट बघा. ती नेहमी बघते. टेबलाशीही वहीतून मान वर करून आधी तुमचा चेहरा वाचते, मग स्वतःचं उत्तर. आता चेहऱ्यावर काही लिहू नका. हसू ओढून आणू नका, कोरा करायचाही प्रयत्न नको. तुम्ही आहात, एवढं तिला दिसलं तरी झालं. ती वळली, पळाली. चेंडू मिळाला की नाही ते कळलं नाही, मध्ये कुणी तरी आलं.

सामना संपला की दोन्ही संघ एकमेकांच्या हातावर हात आपटत रांगेनं जातात. कुणाचे किती गोल झाले हे तुमच्या ध्यानात असेल तर असो. गाडीकडे चालताना मन प्रश्न जुळवायला लागेल: पास का नाही दिलास, पाय का मागे घेतलास, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे 'आज काय शिकलीस?' गाडीत हा प्रश्न विचारायला कायद्यानं बंदी हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी द्या, केळं द्या, काच खाली करा.

साताऱ्यात रात्रीचे साडेआठ झालेत. आजीचा फोन यायचाच असतो, आणि आजीला बंदी लागू नाही. 'गोल केलास का गं?' लेक मागच्या सीटवरून ओरडते, 'नाही आजी, पण त्यांच्या गोलीचा दातपण इथलाच पडलाय, आणि तिच्याकडे दोन कासवं आहेत, आणि तिनं मला त्यांची नावं सांगितली, पण मी एक विसरले.' ती हे कधी बोलली? तुम्ही पन्नास मिनिटं डोळे लावून बसला होतात. आजी तिकडून विचारतेय, कासवं खातात काय.