न दिसणारा शेजारी

आपल्या मंडळ्यांतील काही तरुण बी. कॉम. होऊन हैदराबाद, पुणे अशा शहरांत गुंतवणूक निधींचे हिशेब ठेवण्याच्या नोकरीस लागतात. आरंभीचे काम साधे दिसते. बँकेच्या नोंदी आपल्या नोंदींशी ताडून पाहाव्या, शेअर व रोखे यांचे बाजारभाव भरावे, फरक निघाल्यास शोधावा. मग निधीच्या एकूण मालमत्तेतून देणी व खर्च वजा करून बाकीस युनिटांच्या संख्येने भागले, म्हणजे एका युनिटाचे निव्वळ मूल्य निघते. हे रोज ठरल्या वेळेत व्हावे लागते.

रात्र झाली, ताळा जमत नाही, फरक किरकोळ आहे. तो कुठल्याशा खात्यात दडवून घरी जावे काय? चोरी तर केली नाही. मग कोणाचे नुकसान?

नुकसान होते. मूल्य जास्त निघाले, तर त्या दिवशी पैसे काढणारा मागे राहणाऱ्यांचा वाटा घेऊन जातो. कमी निघाले, तर नवा येणारा जुन्यांचा वाटा घेतो.

१९६४ मध्ये सुरू झालेल्या युनिट ट्रस्टच्या यु. एस. ६४ योजनेवर कितीतरी मध्यमवर्गीय कुटुंबांची भिस्त होती. तिच्या युनिटाचा दर निव्वळ मूल्यावर न बांधता ट्रस्ट स्वतः ठरवीत असे. जुलै २००१ मध्ये युनिटांची खरेदी-विक्री सहा महिने थांबवावी लागली. आधी बाहेर पडलेल्यांस खऱ्या मूल्याहून अधिक मिळाले होते. अडकले ते मागे राहिलेले. हा दोष कारकुनाचा नव्हता, निर्णय वरचा होता. पण खोट्या दराची झळ कोणास लागते, हे त्यातून दिसते.

चांगल्या शोमरोन्याने जखमी माणूस डोळ्यांनी पाहिला (लूक १०). नीतिसूत्रे ११:१ मधील तराजूवाल्यासमोरही गिऱ्हाईक उभे असते. हिशेबनिसाला मात्र पेन्शनर किंवा विधवा दिसत नाही. दिसतो केवळ आकडा. तरीही तो शेजारीच आहे. थोडक्यात विश्वासू राहण्याविषयी प्रभूने लूक १६ मध्ये जे शिकवले, त्याची कसोटी येथे लागते.

फरक सापडला नाही, तर तो उघड नोंदवून वरिष्ठांस सांगावा. त्यात कमीपणा नाही; दोष लपवण्यात आहे. संडेस्कूलच्या शिक्षकांनी तराजूचा धडा शिकवताना मुलांना हेही सांगावे, की आजचा तराजू पुष्कळदा संगणकात असतो, आणि देव तोही पाहतो.