पूर्वजांचा शोध : अभिमान की ऋण?

नव्या कराराचे पहिले पान उघडले की प्रथम भेटते ती नावांची माळ. अब्राहामापासून येशूपर्यंतच्या पिढ्या संत मत्तय एकामागून एक सांगत जातो आणि आपल्यापैकी अनेक जण ते पान भराभर उलटून पुढे जातात. त्याच नव्या करारात संत पौल तिमथ्याला सावध करतो, की अंत नसलेल्या वंशावळ्यांच्या नादी लोकांनी लागू नये. एकाच ग्रंथात वंशावळीला मानाचे पहिले पान आहे आणि तिच्याविषयी स्पष्ट इशाराही आहे. मग पूर्वजांचा शोध घेणे यास कर्तव्य म्हणावे की पोकळ कुलाभिमान?

या प्रश्नाचा विचार करताना आयर्लंडच्या उत्तर भागातील प्रेस्बिटेरियन मंडळींच्या जुन्या नोंदवह्या फार बोधप्रद ठरतात. त्या मंडळींतून अमेरिकेत, कॅनडात व ऑस्ट्रेलियात गेलेल्या कुटुंबांचे वंशज आज बेलफास्टच्या अभिलेखागारात आपल्या पणजोबा-खापरपणजोबांची नावे शोधत असतात. ते लोक आपल्या पंथाचे नव्हेत. पण घरातल्या गोष्टीकडे पाहताना जो मोह आड येतो, तो शेजाऱ्याच्या घराकडे पाहताना येत नाही.

१६१० च्या सुमारास इंग्लंडच्या राजसत्तेने अल्स्टर प्रांतातील आयरिश कॅथलिक सरदारांच्या जमिनी जप्त करून तेथे स्कॉटलंड व इंग्लंडमधील लोक वसवले. स्कॉटलंडहून आलेल्यांनी आपला प्रेस्बिटेरियन पंथ बरोबर आणला. या पंथात बिशप नसतो. पाळक आणि निवडलेले वडील यांच्या सभा मंडळीचा कारभार पाहतात. १६४२ मध्ये कॅरिकफर्गस येथे त्यांची पहिली प्रेस्बिटरी भरली. राजमान्यता मात्र अँग्लिकन पंथाच्या ‘चर्च ऑफ आयर्लंड’लाच होती. कॅथलिकांना कायद्याने जे सोसावे लागले ते सर्वश्रुत आहे. प्रेस्बिटेरियनांनाही १७०४ च्या कायद्याने सरकारी पदांची दारे बंद झाली, ती १७८० मध्ये उघडली. ज्यांची जमीन गेली ते आणि ज्यांना ती मिळाली ते, दोघेही राजमान्य चर्चच्या उंबरठ्याबाहेर उभे होते.

हा दुजाभाव थेट नोंदवहीत उतरला. प्रेस्बिटेरियन पाळकाने लावलेला विवाह दीर्घकाळ कायद्याच्या पूर्ण संरक्षणाबाहेर राहिला. वधूवर दोघेही त्या पंथाचे असतील तर असा विवाह वैध, हे १७८२ च्या कायद्याने मान्य केले. दोघांपैकी एक अँग्लिकन असेल तर काय, हा प्रश्न लोंबकळतच राहिला. मिलिस नावाच्या एका अँग्लिकन पुरुषाने १८२९ मध्ये बॅनब्रिज येथे प्रेस्बिटेरियन पाळकासमोर विवाह केला आणि पहिली पत्नी हयात असताना पुढे इंग्लंडमध्ये दुसरा केला. द्विभार्येचा खटला १८४४ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहापर्यंत गेला. तेथे मते समसमान पडली आणि पहिला विवाह विवाहच नव्हता, असा निकाल कायम झाला. अल्स्टरमधील किती घरांत त्या दिवशी काळोख पसरला असेल! अशा मिश्र विवाहांतील स्त्रियांचे पत्नीपद आणि त्यांच्या मुलांचे औरसपण या निकालाच्या तर्काने शंकास्पद ठरले. संसदेला तातडीने नवा कायदा करावा लागला आणि १ एप्रिल १८४५ पासून कॅथलिकेतर विवाहांची सरकारी नोंदणी सुरू झाली. सर्वांच्या जन्म-मृत्यूची व कॅथलिक विवाहांची नोंदणी १८६४ मध्ये आली.

या पार्श्वभूमीवर पाळकाच्या वहीतील एका ओळीचा अर्थ उमगतो. ज्या विवाहाबद्दल न्यायासन साशंक होते, त्याची तो तारीख घालून नोंद करीत होता. ती ओळ म्हणजे एक साक्ष होती. या दोघांनी देवासमोर एकमेकांना वचन दिले आहे, असे ती म्हणत होती. सत्तेने नाकारलेल्या सत्याची साक्ष लिहून ठेवणे हे नैतिक कृत्य आहे, मग लिहिणाऱ्याला त्याची जाणीव असो वा नसो.

परंतु सर्वांनीच अशी साक्ष जपली असे नाही. बाप्तिस्मे व विवाह यांच्या वह्या पाळकांनी ठेवाव्यात, असा आदेश अल्स्टरच्या सिनडने १८१९ मध्ये दिला. त्यापूर्वीच्या वह्या मोजक्याच मंडळींत आढळतात. काही पाळक वही स्वतःची मालमत्ता समजून बदलीबरोबर घेऊन जात. जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत अनेकदा केवळ पित्याचे नाव असते. ज्या मातेने बाळाला जन्म दिला तिला तेथे जागाच नसते. दफनाच्या नोंदी तर दुर्मीळच. पुष्कळांना राजमान्य चर्चच्या आवारातच मूठमाती मिळे आणि त्याची नोंद तेथील वहीत होई. म्हणून प्रेस्बिटेरियन पूर्वज शोधणाऱ्याला अँग्लिकन वह्या चाळाव्याच लागतात. ज्यांनी पूर्वजांना दुय्यम लेखले, त्यांच्याच हस्ताक्षरात पूर्वजाचा शेवटचा पत्ता सापडतो.

त्यातही काळाने एक विलक्षण न्याय केला. राजमान्य चर्चच्या वह्या शासकीय दस्तऐवज मानल्या गेल्याने शेकडो धर्मग्रामांतील वह्या सुरक्षिततेसाठी डब्लिनच्या सार्वजनिक अभिलेखागारात नेऊन ठेवल्या होत्या. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धाच्या धुमश्चक्रीत त्या इमारतीत स्फोट होऊन आग लागली आणि शतकांचे कागद राख झाले. प्रेस्बिटेरियनांच्या व कॅथलिकांच्या वह्यांना सरकारने तो मान दिला नव्हता. त्या आपापल्या गावच्या कपाटांत होत्या आणि म्हणून वाचल्या. मान मिळणे आणि टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते.

पाळकांचा माग त्या मानाने सोपा. डब्लिनचे विद्यापीठ अँग्लिकन वळणाचे, म्हणून हे तरुण बहुधा स्कॉटलंडमधील ग्लासगोला जात. तेथील पटावर त्यांच्या नावापुढे ते आयर्लंडमधील स्कॉट असल्याची लॅटिन खूण आढळते. १६१३ ते १८४० या काळातील पाळकांची ‘फास्टी’ नावाची छापील सूचीही आहे. पिता, शिक्षण, दीक्षा, मंडळी, मृत्यू. एका परिच्छेदात एक आयुष्य. १८४० मध्ये दोन सिनड एकत्र येऊन जनरल असेंब्ली स्थापन झाली आणि पहिल्याच अधिवेशनात तिने जेम्स ग्लासगो व अलेक्झांडर कर या दोघांना हिंदुस्थानसाठी निवडले. काठियावाडात कार्य सुरू होते न होते तोच, १८४१ मध्ये, कर निवर्तले. अल्स्टरमध्ये सुरू झालेली ती नोंद आपल्या शेजारच्या गुजरातेत संपते. शेतकऱ्याला मात्र अशी एखादी ओळ मिळते आणि मजुराला बहुधा तीही नाही. कागद माणसाची प्रतिष्ठा मोजतो. त्याचे मोल मोजत नाही.

कुलाभिमानाची खरी कसोटी पुढेच आहे. ग्रेअ‍ॅबीचे पाळक जेम्स पोर्टर यांना १७९८ च्या उठावानंतर त्यांच्याच प्रार्थनागृहाजवळ फासावर चढवण्यात आले. सिनडने त्या वर्षी राजनिष्ठा जाहीर केली. ज्याला त्या काळी कलंक मानले, त्याला पुढच्या पिढ्या हौतात्म्य म्हणू लागल्या. याउलट ज्या स्थिर, सधन शेतकरी पूर्वजाचा अभिमान वाटावा, त्याच्या शेताचा पहिला मालक कोण होता, हा प्रश्न वंशजाला टाळता येत नाही. पूर्वज शोधायचा तर तो संपूर्ण स्वीकारावा लागतो.

वडीलसभांच्या इतिवृत्तांत तर याहून अवघड सामग्री आहे. टेम्पलपॅट्रिकच्या मंडळीचे असे पुस्तक १६४६ पासून सुरू होते. व्यभिचार, मद्यपान, शब्बाथभंग अशा अपराधांच्या चौकश्या आणि मंडळीसमोर उभे राहून दिलेली कबुली अशा पुस्तकांत लिहिलेली असते. आपल्या पापनिवेदनाची वही नसते. ते धर्मगुरूच्या मनातच बंद राहते. तेथे मात्र क्षमा होऊनही कागद उरला. तीनशे वर्षांनी एखादी वंशज तो वाचते तेव्हा तिने काय करावे? लपवावे? मिटक्या मारीत सांगावे? मला वाटते, तिने तो शेवटपर्यंत वाचावा. कारण त्या पानांवर केवळ अपराध नसतो. पश्चात्ताप आणि मंडळीत पुन्हा झालेला स्वीकारही अनेकदा तेथेच लिहिलेला असतो. अर्धे वाचणे हा मृताविरुद्ध केलेला खोटेपणाच होय.

आता आरंभीच्या दोन संतांकडे वळू. ज्या वंशावळीतून आपण मोठेपणा गोळा करतो, ती पौलाने निषिद्ध मानली. मत्तयाने लिहिलेली वंशावळ वेगळी आहे. तीत तामार आहे, राहाब आहे, परदेशी रूथ आहे आणि उरियाची पत्नीही आहे. दाविदाचे पाप त्याने राजवंशातून पुसून टाकले नाही. हवे तेवढेच निवडणारा शोध अभिमानाचा. जे सापडेल ते स्वीकारणारा शोध ऋणाचा. मृतांना आपण दुसरे काही देऊ शकत नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना करू शकतो आणि त्यांच्याविषयी खरे बोलू शकतो.

आणि ज्यांची नावे सापडतच नाहीत त्यांचे काय? ती निनावी माता, तो मजूर? वहीतील त्यांची अनुपस्थिती ही लिहिणाऱ्याची मर्यादा आहे, त्यांच्या जगण्याची नव्हे. देवाच्या स्मरणात कोणताही रकाना कोरा नसतो, अशी आपली श्रद्धा आहे. पण त्या श्रद्धेने आपली जबाबदारी हलकी होत नाही. आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयातही बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांची पुस्तके आहेत. उतारा हवा असला की आपण तेथे जातो आणि एरवी ती विसरतो. बाळाचे नाव घालायला जाल तेव्हा आईचे नाव, तिचे माहेरचे आडनाव आणि गाव पूर्ण सांगा. लिहिणाऱ्याने ते सुवाच्य अक्षरात लिहावे. ज्या वाचकासाठी ही ओळ लिहायची, तो अजून जन्मालाही आलेला नाही.