शिवनेरीवरचा शुक्रवार

शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर झाला, याबद्दल जुन्नरात कुणाचं दुमत नाही. कधी झाला, यावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला. बखरींच्या आधारानं १६२७ हे साल रूढ होतं. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी, उजेडात आणली. तिच्यात नोंद निघाली: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. महाराष्ट्र शासनानं ही तारीख मान्य करायला २००१ उजाडलं.

मग तोवर महाराज १६२७ मध्ये जन्मलेले होते आणि शासननिर्णयानंतर १६३० मध्ये जन्मले का? प्रश्न वेडगळ वाटतो. पण ‘ज्याचं त्याचं सत्य’ असं आपण ऐटीत म्हणतो, तेव्हा नकळत हेच म्हणत असतो. बाळ जन्मलं ते एकाच दिवशी. कुठली तारीख खरी, हे जिजाबाईंच्या बाळंतघरातच ठरून गेलं. पुढे कुणाला ते ठाऊक असो वा नसो. बदललं ते आपलं ज्ञान.

अडचण अशी, की त्या दिवसापाशी जाऊन काही ताडून पाहता येत नाही. हाती उरतात कागद, आणि एक कागद दुसऱ्याशी जुळतो का एवढंच बघता येतं. महाराजांच्या हयातीत रचलेल्या कवी परमानंदाच्या ‘शिवभारता’त हीच तिथी आहे. पंचांगाचं गणित मागे नेलं तर वारही शुक्रवारच येतो. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो, कारण गणिताला कुठल्याच घराण्याची मर्जी राखायची नसते. नुसतं जुळणं पुरत नाही: एका बखरीवरून दुसरी उतरवली असेल, तर दहा बखरी मिळूनही साक्षीदार एकच. आणि स्वतंत्र पुरावे जुळले तरी ते विश्वास ठेवायला भक्कम कारण देतात, इतकंच. उद्या याहून बळकट कागद निघाला तर इतिहासकारांना मत बदलावं लागेल.

शासनाचा निर्णय निराळ्याच जातीचा. शिवजयंतीची सुट्टी कधी द्यायची, हे कुणीतरी ठरवावंच लागतं. गंमत म्हणजे १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेची तारीख. आजच्या दिनदर्शिकेनं तो दिवस १ मार्च येतो. तिथीवाले आणि तारखेवाले गडावर वेगवेगळ्या दिवशी पाळणा हलवतात, पण दोघांचं बोट त्याच शुक्रवाराकडे असतं. त्यांचं भांडण उत्सवाचं आहे.