मुलाचें ओझें कोणीं वाहावें?

मधुमेह जडलेलें मूल वहींत शर्करेचा आंकडा खोटा लिहितें, किंवा सुई टोंचून घेतली असें सांगून ती टाळतें, तेव्हां दोष कोणाचा? पुष्कळ आईबाप चटकन् म्हणतात, "मुलाचा." या उत्तराविषयीं आम्ही वाचकांपुढें थोडा विचार मांडूं इच्छितों.

प्रथम रोग समजून घ्यावा. लहान वयांत बहुधा जो मधुमेह होतो, त्यांत शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच स्वादुपिंडांतील इन्शुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करिते. तो गोड खाल्ल्यानें होत नाहीं, स्पर्शानें लागत नाहीं, आणि कोणाच्या पापाचें फळही नव्हे. इ. स. १९२२ च्या जानेवारींत कॅनडांतील टोरांटो शहरीं लेनर्ड टॉमसन या १४ वर्षांच्या मुलास इन्शुलिन टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं अशीं मुलें थोड्याच काळांत मरत; हा मुलगा पुढें १३ वर्षें जगला. औषध जीवनदायी आहे खरें. पण तें रोज, बहुधा दिवसांतून अनेक वेळां, आणि जन्मभर घ्यावें लागतें.

आतां पाहा, प्रौढ मनुष्यास आठ दिवसांचें पथ्य जड जातें. मग बारा वर्षांच्या मुलीनें हें सर्व एकटीनें कसें निभवावें? शिवाय वयांत येतांना शरीरांतील फेरबदलांमुळें इन्शुलिनचा परिणाम मंदावतो, आणि काळजी घेऊनही आंकडा वर जातो. अशा वेळीं बाप रागावला, तर मूल काय शिकतें? आंकडा उतरविणें नव्हे, तर लपविणें. सत्य सांगितल्याबद्दल जेथें शिक्षा होते, तेथें असत्याचें बीज मोठ्यांनींच पेरलेलें असतें.

कोणी म्हणेल, मग मुलास कांहींच जबाबदारी नको काय? हवी, पण ती पायरीपायरीनें द्यावी. प्रथम मुलानें बोट टोंचून तपासावें व आईनें मात्रा ठरवावी. मग त्यानें मात्रा सांगावी व आईनें ती पडताळावी. पुढें त्यानें स्वतः टोंचून घ्यावें व कोणीं तरी जवळ असावें. नवा बैल शेतकरी जुन्याच्या शेजारीं जुंपतो. सारा नांगर त्याच्या एकट्याच्या मानेवर देत नाहीं.

हें ओझें शेजाऱ्यांचें व शाळामास्तरांचेंही आहे. मुलाचे हात थरथरले, घाम सुटला, तें गोंधळलें, तर शर्करा उतरली असें समजून तीन चमचे साखर पाण्यांतून द्यावी व १५ मिनिटांनीं पुन्हां तपासावें. मूल बेशुद्ध असल्यास तोंडांत कांहीं न घालतां तत्काळ दवाखान्यांत न्यावें. ताप आला, जेवण गेलें नाहीं, तरी इन्शुलिन बंद करूं नये. मात्रेविषयीं डॉक्टरांस विचारावें. जडीबुटीच्या भरंवशावर तें सोडणें म्हणजे मुलाचा जीव पणास लावणें होय. मुलीचें लग्न अडेल म्हणून रोग लपविणाऱ्यांनीं हेंही ध्यानांत घ्यावें कीं, लपून टोंचावयाची सुई लवकरच चुकते.

म्हणून वाचकहो, आंकडा वाईट आला तरी खरें सांगणाऱ्या मुलास प्रथम शाबासकी द्या, मग उपाय विचारा. आणि दोष कोणाचा हें ठरविण्यापूर्वीं, आज हें ओझें घरांतील किती जणांनीं उचललें, हें आपणांस विचारा.